बिनमुठीची पटाशी

मंगळवार, दिवेलागण

आज धुळ्याला जाऊन ड्रिल मशीन घेतलं. दुकानातच चालवून बघितलं, आवाज बरा वाटला. मग लाकडाला खाच पाडायची पटाशी. दुकानदाराने प्लास्टिकच्या मुठीची, हातात झकास बसणारी पटाशी पुढे केली. मी म्हटलं, "नुसतं पातं द्या भाऊ. मूठ आम्ही घरी बसवतो."

आम्ही!

शिरपूरच्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं. मूठ नाना बसवायचे, माझे थोरले भाऊ. त्यांना जाऊन वर्षही झालं नाही, आणि मी मूर्खासारखं नेहमीसारखं नुसतं पातं घेऊन निघालो.

घरी आल्यावर बायकोने पिशवी उघडली. "हाई बिगर मूठनी काबर आनी तुमी?" बिनमुठीची का आणली, एवढंच विचारलं तिने, तर मी उगाच तिच्यावर खेकसलो. तिने पातं देवापुढे ठेवलं, हळदकुंकू लावलं. तिला कळलं असावं.

मूठ काय मला करता येत नाही? सुतार आहे मी. बाभळीचा तुकडाही पडलाय मागे. पण माप? नाना माझा उजवा हात आपल्या हातात घ्यायचे, जरा दाबून बघायचे आणि थेट लाकूड तासायला बसायचे. मला माप कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कशाला विचारू?

मघापासून माझाच उजवा हात डाव्या हातात धरून बसलोय. किती दाबायचा, तेच कळत नाही.