घागरभर बर्फ

माय, तुझं मडकं फुटलं. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल. माझ्या हातून पडलं नाही, कुणाचा धक्का लागला नाही. थंडीनं फुटलं. तुला हे पटायचं नाही. मडकं उघड्यावर ठेवायचं, रात्रीचा वारा लागू द्यायचा, सकाळी पाणी गार मिळतं, एवढंच तू मला शिकवलंस आणि साठी उलटली तरी मला तेवढंच येत होतं. ते ज्ञान घेऊन मी बर्फाच्या देशात गेले.

नॉर्वे म्हणतात त्या देशाला. तुझी नात तिथं नोकरी करते. इंजिनीयर आहे, आणि हट्टी आहे, तो गुण कुणाकडून आला ते मी सांगायला नको. मी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ती एकच धोशा लावून बसली होती, की आई, जन्मभर लोकांचा ताप पाहिलास, आता थोडी थंडी पाहा. शेवटी तिनं जहाजाची तिकिटंच काढली. तुझ्या जावयाला दिवाळीतल्या थंडीतही कानटोपी लागते, त्यांनी आधीच हात जोडले. म्हणून आम्ही दोघी मायलेकीच गेलो. तिथल्या फ्योर्डांमधून फिरणारं जहाज होतं. फ्योर्ड म्हणजे समुद्रच, पण डोंगरांच्या मधून कोसच्या कोस आत शिरलेला. सावलीजवळ भर पावसाळ्यात वैनगंगा फुगते ना, तेवढं पाणी, फक्त ते कुठंच जात नाही, उभंच्या उभं राहतं, आणि दोन्ही काठांना डोंगर सरळ पाण्यात पाय सोडून बसलेले. एप्रिल चालू होता. आपल्याकडे मोहफुलं वेचून झालेली, ऊन डोक्यावर आलेलं. आणि तिथं तो वसंत होता. वसंत म्हणजे काय, तर झाडं अजून उघडीबोडकी, पण डोंगरमाथ्यावरचा बर्फ वितळायला लागलेला, आणि जिथं पाहावं तिथं कड्यावरून पाण्याची धार. कुणी भरायला नाही, कुणी प्यायला नाही. पहिल्या दिवशी मी ते सारखं मनातल्या मनात हंड्यांत भरत होते. जन्माची सवय.

जायचं ठरलं तेव्हा मी पंचांग पाहिलं आणि माझं अवसान गेलं. अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली अखजी, नेमकी जहाजावर येत होती. तू गेल्यापासून एकही अखजी चुकवली नव्हती मी. ड्युटी असली तरी पहाटे उठून लाल मडक्यात पाणी भरलं, पळसाच्या पानावर रस आणि पोळी ठेवली, निखाऱ्यावर तूप सोडलं, तुझं आणि बाबांचं नाव घेतलं, आणि मगच वर्षातला पहिला आंबा तोंडात घातला. लेक म्हणाली, एक वर्ष नाही केलं तर आज्जी रागावणार आहे का? मी म्हटलं, रागावणार नाही, तहानलेली राहील. ती हसली. पण मला खरंच तसंच वाटतं, माय. इतकी वर्षं दवाखान्यात माणसं जाताना पाहिली, शेवटी सगळी पाणीच मागतात. तुलाही चमच्यानं मीच पाजलं होतं. त्यामुळे अखजीचं पाणी माझ्यासाठी नुसता रिवाज राहिलेला नाही. म्हणून मी चंद्रपूरच्या बाजारातून तांब्याएवढं लाल मडकं घेतलं आणि स्वेटरांच्या मधोमध बॅगेत ठेवलं. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा लेकीनं फोनवरून कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

आंबा नेता येत नव्हता, फळं नेऊ देत नाहीत. पण जहाजावर आंबा होता. रोज सकाळी नाश्त्याला, काचेच्या भांड्यात, फोडी करून. कुठल्या देशातून कुठे आलेला देव जाणे. लेक रोज माझ्या ताटलीत दोन फोडी वाढायची आणि मी रोज त्या बाजूला सारायची. तिसऱ्या दिवशी ती चिडली. म्हणाली, तुमच्या गावाकडचे नियम इथल्या आंब्याला लागू नाहीत, हा आंबा तुझ्या पितरांना ओळखतही नाही. मी फोडी पुन्हा बाजूला सारल्या. तिला तरी काय सांगू, की मी नियम पाळत नव्हते, तुला पाळत होते.

तुझं ते कुरखेड्याचं वसतिगृह मला तेव्हा फार आठवलं. बाबा गेले, सावलीची शेती तुझ्या दिरांकडे राहिली, आणि तू मला घेऊन मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागलीस. माझं सगळं बालपण त्या स्वयंपाकघरात गेलं. मोठ्या चुलीवर भाताचा हंड्याएवढा गंज, धुरानं काळी झालेली कौलं, आणि तू, कोपरापर्यंत चटक्यांचे डाग, कधी नवे कधी जुने. आवारात आंब्याचं झाड होतं आणि त्याची राखण तुझ्याकडे कुणी दिली नव्हती, ती तूच घेतलीस. अखजीआधी पिकल्या आंब्याला हात लावायचा नाही. गोंड मुलींच्या घरी त्यांचा वेगळा सण, त्यांच्यात तर तो पंडुम झाल्याशिवाय कैरीही चालत नाही. तू त्यांचंही मोडू दिलं नाहीस. सगळ्यांच्या सणांचा हिशेब जमेपर्यंत पाखरं अर्धं झाड खाऊन जायची. मी एकदा पडलेला आंबा चोखला. आठ-नऊ वर्षांची असेन. तू मारलं नाहीस. हनुवटीवरचा पिवळा डाग पाहिलास, हात धरून बाबांच्या नावानं ठेवलेल्या मडक्यापुढे बसवलंस आणि म्हणालीस, "त्याले सांग आपल्या तोंडानं." मडक्याला सांगायला मला जो वेळ लागला, तो अजून माझ्या अंगावर आहे.

आणि तीच तू. मी अठराची झाले, नर्सिंगला नागपूरला नंबर लागला, आणि अखजीच्या आठवडाभर आधीच हजर व्हायचं होतं. सकाळची मोटार. तू आंबे पिकत घातलेल्या तणसात हात घातलास, चाचपून चाचपून एक आंबा काढलास, नरम केलास, वरचं देठ काढून चीक सांडलास आणि माझ्यापुढे धरलास. मी मागे सरले. म्हटलं, आधी बाबांना. मला वाटलं तू माझी परीक्षा पाहतेस. तुझा चेहरा अजून दिसतो मला. चुलीजवळ उभी आहेस, पदर खोचलेला आहे, हात पुढे आहे. "तुया बापाले मी सांगीन," तू म्हणालीस. "जित्या पोरीच्या तोंडात गेलं तं त्याच्याच पोटात गेलं. खाय." मग तू पाठ फिरवून भात ढवळायला लागलीस, भाताला काही गरज नव्हती तरी.

आता मडक्याचं सांगते. अखजीच्या आदल्या संध्याकाळी जहाज बरंच उत्तरेला होतं. तुझं म्हणणं डोक्यात पक्कं, की नवं मडकं रातभर पाणी पिते, पिऊ द्याव त्याले, मंग पितरांपुढं ठेवाव. मी मडकं काठोकाठ भरलं. खोलीत ठेवलं तर पाझरून त्यांचा गालिचा भिजेल, म्हणून बाहेरच्या सज्जात ठेवलं. तेवढंच वाऱ्यानं गार होईल असंही मनात आलं. हे मनात येताना मी अंगात दोन स्वेटर आणि डोक्याला मफलर घालून उभी होते, तरी डोक्यात उजेड पडला नाही.

सकाळी दार उघडलं तर मडक्याच्या खापऱ्या सज्जात पडलेल्या आणि मधोमध बर्फाचं मडकं उभं. गळा, पोट, बूड, सगळं तसंच्या तसं. मातीचं कवच तेवढं गळून गेलेलं. मी खालीच बसले आणि रडायला लागले, माय. म्हातारपणी माणूस कशाला रडेल सांगता येत नाही. अखजीच्या दिवशी मडकं फुटावं, यासारखं वाईट काय असणार. वाटलं, आता वर्षभर तू तहानलेली राहणार आणि ते माझ्या अडाणीपणानं. लेक धावत आली. आधी तिला हसूच आलं, मग माझं तोंड पाहून ती थंडगार फरशीवर माझ्याशेजारी बसली. "आई, काऊन रडून राहिली तू?" नॉर्वेत राहते, इंग्रजीत नोकरी करते, पण घाबरली की तिची भाषा चंद्रपूरला येते. मग मी तिला कुरखेड्याचा आंबा सांगितला. तणस, मोटार, तुझं पाठ फिरवून भात ढवळणं. इतक्या वर्षांत हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

तिनं विखुरलेल्या खापऱ्या एका बाजूला गोळा केल्या. मग उठून खाली गेली आणि नाश्त्याच्या भांड्यातल्या आंब्याच्या फोडी बशीत घेऊन आली. मला वाटलं बर्फापुढे ठेवेल. तशी तिनं बशी ठेवली, हातही जोडले, तिच्या पद्धतीनं जरा घाईत. मग एक फोड उचलली आणि माझ्या तोंडापुढे धरली.

"आज्जीची जित्ती पोरगी तूच होय ना," ती म्हणाली. "खा."

माय, मला आजवर हे सुचलंच नव्हतं. तुझ्या बाजूनं पाहिलं तर मीच अजून ती पोरगी आहे, हे पांढऱ्या केसांखाली मी विसरूनच गेले होते. मी तोंड उघडलं. लेकीनं भरवलं आणि ते तुला पोचलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

दुपारी जहाजावरच्या लोकांनी आम्हाला रबरी होडीतून धबधब्याच्या पायथ्याशी नेलं; बर्फाचं मडकं आम्ही बरोबर घेतलं होतं. आमच्याबरोबरची वाटाड्या बाई पिकल्या वेणीची, शिस्तीची कडक. पाण्यात सालसुद्धा टाकू द्यायची नाही. लेकीनं तिला समजावून सांगितलं, की हे माझ्या आजीचं पाणी आहे. ती बाई बर्फाच्या त्या मडक्याकडे बघत राहिली, मग तिनं होडीचं इंजिन बंद करायला लावलं. म्हणाली, पाणीच आहे, पाण्यात जाऊ द्या. मी दोन्ही हातांनी बर्फ धरला होता. हात बधिर झाले आणि तेव्हा, अगदी तेव्हा, मला सावलीचा बाजार आठवला. मी पहिल्या सुट्टीत आले होते, आपण दोघी सावलीला गेलो होतो, आणि बर्फाच्या गाडीवरून एक ढपली रस्त्यात पडली. तू ती चटकन उचललीस. खाल्ली नाहीस. मनगटावरच्या ताज्या चटक्यावर दाबून धरलीस, डोळे मिटलेस, आणि म्हणालीस, "एकडाव घागरभर बर्फ भेटला पायजे. त्यातच हात घालून बसून राहीन मी." आपण हसलो होतो. चंद्रपूर-गडचिरोलीत घागरभर बर्फ कोण कुणाला देतो.

मी हात सोडले. ते मडकं बुडालं नाही, तरंगत राहिलं, हळूहळू धबधब्याच्या दिशेनं गेलं. मी लेकीला हे बाजाराचं सांगू शकले नाही. तुझी आयुष्यातली एकच मागणी मला माहीत होती आणि ती मी चुकून पुरवली, तीही तू गेल्यावर. घागरभर नाही, तांब्याभरच, तरी पुरवली. तुझा हात त्यात असेल असं मी धरून चालले आहे.

आता घरी आले आहे. मे लागला, कूलर दिवसभर घरघरतो आहे आणि तुझे जावई माझ्या सहलीच्या गोष्टी तिसऱ्यांदा ऐकायला नको म्हणून अंगणात जाऊन बसतात. खापऱ्या मी आणल्या, तुळशीच्या कुंडीत तळाशी घातल्या. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. पाठवलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं. नागपूरहून मी लिहायची ती पत्रं वसतिगृहातल्या मुली तुला मोठ्यानं वाचून दाखवायच्या, सगळ्या चुलीभोवती बसून ऐकायच्या, म्हणून मी नेहमी बेतानंच लिहिलं. तब्येत ठीक, अभ्यास चालू, आंबा फार गोड होता. आता मधे वाचणारं कुणी नाही, म्हणून सांगते. लेकीनं भरवलेली फोड अगदी फिकी होती, मी तिला गोड म्हटलं. आणि तू दिलेला तो आंबा वेळेआधी काढलेला होता, माय. आंबट होता, दात आंबले माझे. त्याची कोय मी ब्रह्मपुरी येईपर्यंत चोखत होते.