माझी रांगोळी, मशीनचा शिक्का

१० ऑक्टो., शुक्र.
मंडळाच्या ऑनलाइन रांगोळी स्पर्धेत फोटो टाकला. पंधरा ते आठ ठिपके, कमळं. दीड तास अंगणात उकिडवी. गुडघे बोलतायत, पण झकास जमलीय.

११ ऑक्टो.
फोटोखाली ॲपनं आपसूक लिहून टाकलं, 'एआयने बनवलेले'. कमाल आहे! मुग्धा (भाची, आयटीवाली) म्हणते, दोन्ही बाजू अगदी सारख्या आल्या की त्याला संशय येतो. सारख्या येणारच. चाळीस वर्षं काय गवत उपटत होते?

१३ ऑक्टो.
सेक्रेटरी अण्णाजींचा फोन. असा शिक्का असला की एंट्री बाद, नियमच आहे म्हणे. "वहिनी, मला माहितीये तुमचीच आहे. पर सिस्टम में आ रहा है ना." सिस्टम में! यांच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात रांगोळी काढत मीच बसले होते. तेव्हा नाही विचारलं कुणी सिस्टमला.

१४ ऑक्टो.
मुग्धाला विचारलं, हे मशीन चालतं कशावर? ठरलेल्या पायऱ्यांवर, म्हणाली. अगं, मग ठिपक्यांची रांगोळी दुसऱ्या कशावर चालते? ठिपके मोज, हा त्याला जोड. आईनं असंच शिकवलं. नियम आमचे कधीचे, आणि नकली मी? वर नियम पाळूनही दर वेळी कमळ निराळं उमलतं, ते त्या मेल्याला दिसतं तरी का? चिडचिडीत शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भाताचा लगदा.

१६ ऑक्टो.
तक्रार केली. मंडळानं काढतानाचा व्हिडिओ मागितलाय, उद्या संध्याकाळी सहापर्यंत. मुग्धा म्हणे, मामी, एक रेघ जरा वाकडी काढ ना, ॲप लगेच मानेल.
म्हणजे माणूस ठरायला मी बिघडवून दाखवू? सपशेल नाही म्हटलं.

१७ ऑक्टो., शुक्र.
काढली. मुग्धा फोन धरून उभी. डोक्यात तेच सगळं घोळत होतं. शेवटच्या कमळाला रेघ वाकडी सुटली. मुद्दाम नाही, शपथ. रागानं.
पुसायला बोट नेलं तर मुग्धा म्हणाली, "मामी, हात मत लगाना. आता कशी तुझीच वाटते."
रडूच आलं. उठून आत आले.
साडेपाच झालेत. ती दोनदा हाक मारून गेली, व्हिडिओ पाठवू का म्हणून. रेघ बाहेर तशीच आहे. काय सांगू तिला