सासूबाईंचा ठिपका
रविवार, १२ ऑक्टोबर, वाल्डॉर्फ, जर्मनी

सासूबाई ग्रुपबरोबर चीनला गेल्यात, शिआनला. निखिलने आईच्या फोनमध्ये नकाशा, भाषांतर, टॅक्सी, सगळं घालून दिलंय. आणि आज सकाळपासून नकाशावर त्यांचा ठिपका हॉटेलातच! आजारी असतील? फोनही उचलेनात. निखिल जेवण सोडून ठिपक्याकडे बघत बसला.

शेवटी त्यांच्या मैत्रिणीच्या, जोशीकाकूंच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. शहराच्या जुन्या, रुंद तटबंदीवर पदर खोचून सासूबाई चक्क सायकलवर!

"आई, तुझा फोन कुठाय?"

"खोलीतल्या तिजोरीत. एवढं सगळं घातलंयस त्यात, हरवला म्हणजे?"

"मग फिरतेस कशी?"

"विचारत विचारत."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. सांगतात की नीट!"

निखिल अजून ठिपकाच बघतोय. म्हणतो, निदान फोन तरी सुखरूप आहे.