मागच्या रांगेतले चौघे

३ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. ताईनं सकाळी शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. मी ती पुन्हा केली. ती चिडली. सरकारनं वीस वर्षं बिघडवलेला भाऊ एका आठवड्यात सरळ होणार नाही, म्हणाली. भावोजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले की आतापर्यंत गोळ्या झाडल्यास, आता थापा मार. तिघंही हसलो. बरं वाटलं.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. लांबट खोली, करडा गालिचा, त्यावर चाकांच्या खुर्च्यांनी पाडलेल्या वाटा. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. समोर दाताच्या दवाखान्याची पाटी आणि तिच्यावर बसणारी कबुतरं. काम जनसंपर्काचं: लोकांनी आपल्या गिऱ्हाइकाबद्दल काय म्हणावं, ते लोकांच्या आधी ठरवायचं. मॅडम संस्थेच्या मालकीण. आवाज कायमचा बसलेला, तरी फोनवर सगळ्यात मोठा त्यांचाच. मजकूर लिहिणाऱ्याला सगळे कवी म्हणतात. त्यानं आयुष्यात एक कविता केलेली नाही. चित्रीकरण करणारी मुलगी कॅमेरावाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझा कॅप्टन झाला होता. हुद्दा तो नव्हता. दुरुस्त केलं नाही.

दुपारी मॅडमनी तालमीची खोली दाखवली. खिडकी नाही. एका टोकाला चौथरा, त्यावर टेबल आणि माइक; समोर खुर्च्यांच्या रांगा. गिऱ्हाईक खऱ्या पत्रकारांपुढे जाण्याआधी इथे बसतं. आम्ही पत्रकार व्हायचं आणि जितके वाकडे सुचतील तितके प्रश्न विचारायचे. एकच नियम. पहिल्या फेरीत गिऱ्हाइकानं खरं सांगायचं. इथे ताकाला येऊन भांडं लपवायचं नाही, असं मॅडम प्रत्येकाला बजावतात. खरं कळल्याशिवाय ते झाकायचं कसं? सगळ्याचं चित्रण होतं, सगळे मिळून ते पाहतात, आणि पाहून झालं की पुसून टाकतात.

मुलाखतीत मॅडमनी विचारलं होतं, हेच क्षेत्र का. माणसांशी बोलायला आवडतं, असं मी सांगितलं. खरं कारण दुसरं आहे. मास्कच्या कारखान्याचं काम हीच संस्था पाहते.

६ मार्च, गुरुवार

एकदा लिहून टाकतो.

इंधनाच्या तळघरात धूर कोंडला होता. माझे चौघे नवे मास्क चढवून खाली उतरले. पैलवान, जो काडीसारखा होता. मास्तर, जो सगळ्यांची भाषा सुधारायचा. थोरला आणि धाकटा, ज्यांचं नातं काही नव्हतं, फक्त आडनाव एक. मी वर, वायरलेसवर. मास्कमधून श्वास कसा येतो ते ऐकणाऱ्यालाच माहीत. आत, झडपेची खट, बाहेर. चार श्वास ऐकू येत होते. मग तीन. मग मी हाका मारत होतो.

मास्क मी काढले. पट्टे इतके घट्ट होते की गालांवर वळ उठले होते. चौकशीत ठरलं की मास्क उत्तम होते, पट्टे सैल राहिले, चूक जवानांची. माझी साक्ष शांतपणे ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली.

आता तोच कारखाना दवाखान्यांना आणि शाळांना मास्क विकणार आहे. महिनाअखेरीला मोठी पत्रकार परिषद. कुणीतरी त्या चौघांबद्दल विचारणारच, म्हणून तालीम. तालमीत मालक खरं बोलेल. मी ती चित्रफीत पुसण्याआधी उचलेन. त्याला भर चौकात उघडा पाडेन. पुढचं पुढे.

११ मार्च, मंगळवार

मालक आला. बुटका, टापटीप, घाम न येणारा माणूस. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, तुमच्यासारख्यांमुळे आम्ही बिनघोर झोपतो. मी आभार मानले. समोर बघत चेहरा कोरा ठेवायला आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात.

कवी पत्रकार झाला आणि उगाच खेकसत राहिला. मग माझी पाळी. मी सोप्यापासून सुरुवात केली. मालक नीट उत्तरं देत होता. मध्येच त्यानं माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाला, हो, तुमचं झाल्यावर त्यांचा प्रश्न घेतो, पट्ट्यांचा ना? मागच्या रांगेत कुणी नव्हतं. कवी फिसकन हसला. मॅडम म्हणाल्या, साहेब, खरे पत्रकार काय कमी आहेत म्हणून मनातले आणताय?

मालकही हसला. पण नंतर पाणी मागितलं.

१४ मार्च, शुक्रवार

चित्रण पाहिलं. प्रत्येक उत्तराच्या खाली एक आवाज आहे. कॅमेरावालीनं एसीला दोष दिला. एसी त्या दिवशी बंद होता, हे कवीनं दाखवून दिलं. मग तिनं माइकला शिव्या घातल्या.

आत, खट, बाहेर. चार वेगवेगळ्या लयींत.

मला भीती वाटली नाही. हायसं वाटलं. माझी माणसं आली आहेत. इतके महिने मी एकटाच लढतोय असं वाटत होतं.

१८ मार्च, मंगळवार

सुरुवात होण्याआधी मालकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, मागे मास्क लावून माणसं बसवायची शक्कल चांगली आहे, पण आता पुरे, त्या चौघांना उठवा. मी म्हणालो, सवय होऊ द्या. कुणाला, ते सांगितलं नाही.

आज तो बोलला. मास्कचा तो गठ्ठा चाचणीत नापास झाला होता. माल द्यायची तारीख तोंडावर होती. त्यानं पाठवून दिला. सांगताना त्याचा श्वास अडकायला लागला. ओठ निळसर झाले. मॅडम पाणी घेऊन धावल्या. मी म्हणालो, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. त्यानं सांगितलं. मी म्हणालो, पुन्हा. तो रडायला लागला.

संध्याकाळी कॅमेरावालीनं विचारलं, पुसू का? चित्रफीत उचलायची तीच वेळ होती. पडद्यावर तो रडत होता. रडणारा म्हातारा. बघणारा कुणीही हळहळला असता.

पूस, म्हणालो.

२० मार्च, गुरुवार

मालकाचा मॅडमना फोन आला. त्याला हे सगळं परिषदेत स्वतः सांगायचं आहे. चाचणी, तारीख, पट्टे घट्ट होते हेही. मला वाटलं, मॅडम त्याला गप्प करतील. त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, याहून उत्तम काय? चुकलो म्हणणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. कारखाना तर वाचेलच, वर साहेबांचं नाव होईल.

मॅडमचं बरोबर आहे. या कचेरीत मी तेवढं शिकलो आहे.

रविवारी पैलवानच्या आईचा फोन आला होता. नेहमीचंच बोलत होती. तिला नळावर बायका विचारतात, एवढा फौजेतला मुलगा, साधे पट्टे आवळता आले नाहीत? ती म्हणाली, मला कुणाचा जीव नको रे बाबा, माझ्या पोराची चूक नव्हती एवढं कुणीतरी मोठ्यानं बोला.

तो ते मोठ्यानं बोलायला तयार आहे. मग लोक त्याला माफ करतील. तो घरी जाईल, जेवेल, गाढ झोपेल.

मी मॅडमना सांगितलं की गिऱ्हाईक कच्चं आहे, कॅमेऱ्यापुढे कोसळेल, अजून तालमी हव्यात. परिषद पुढे ढकला. मॅडम म्हणाल्या, कॅप्टन म्हणतात तर थांबू.

त्याला मोकळं व्हायचं आहे. मी होऊ देणार नाही.

२४ मार्च, सोमवार

सकाळी तालमीच्या खोलीत गेलो. मागच्या रांगेतल्या चार खुर्च्या वळलेल्या होत्या. चौथऱ्याकडे नाही. तोंड पुढच्या बाजूला, भिंतीजवळच्या टेबलाकडे, जिथे बसून मी प्रश्न विचारतो.

सरळ केल्या. जेवून आलो तर पुन्हा तशाच.

झाडणाऱ्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, मी मेलीनं हातसुद्धा लावला नाही, आणि आधी मला सांगा, इथे रॉकेल कोण सांडतं? दोनदा पुसलं, वास जाईना.

मला वास येत नव्हता. मावशी गेल्यावर आला. रॉकेलचा नाही. तळघराचा.

मी खुर्च्यांशी बोललो. मोठ्यानं बोललो, अरे, तो तिकडे बसतो. तिकडे बघा.

२६ मार्च, बुधवार

सकाळी तालीम. मालक राखेसारखा दिसत होता. म्हणाला, मी तयार आहे, मला बाहेर जाऊन बोलू द्या. मी म्हणालो, अजून नाही. पहिल्यापासून सांगा.

त्यानं सांगितलं. पुन्हा, म्हणालो. मॅडम फोनवर बाहेर गेल्या होत्या. कवी घड्याळ बघत होता. पुन्हा. त्याच्या छातीतून आवाज यायला लागला. पुन्हा.

त्यानं मागच्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, ते आता मला काही विचारत नाहीत. फक्त तुम्हीच विचारता.

मग टेबलावर पडला. माइकवर. तो आवाज सगळ्या मजल्यानं ऐकला.

डॉक्टर म्हणाले, हृदय.

मी वाट पाहिली. संध्याकाळपर्यंत त्या खोलीत थांबलो. वाटलं, आता त्यांचं समाधान होईल. आता ते जातील.

खुर्च्या माझ्याकडेच —

२८ मार्च, शुक्रवार

श्रद्धांजलीचा मजकूर मला लिहायला लावला. सैनिकाच्या हातचा हवा, म्हणे. लिहिला. ‘जवानांच्या सुरक्षेसाठी आयुष्य वेचणारा उद्योजक.’ सगळ्या पेपरांत आला. खाली जुनी बातमीही थोडक्यात दिली आहे. चार जवान, सैल पट्टे.

मेलेल्या माणसाला आता कोण काय विचारणार? तो सुटला. मीच सोडवला.

ताईनं हाक मारली, पैलवानच्या आईचा फोन आहे, रडतायत. घरी नाही म्हणून सांग, म्हणालो. ताईनं फोनवर तसं सांगितलं. मग तिनं विचारलं, तू असा धापा का टाकतोयस?

मी नव्हतो टाकत.

३० मार्च, रविवार

ताईच्या स्वयंपाकघरात. भरदुपारी. कुकर बंद, नळ बंद. आत, खट, बाहेर.

भावोजींना ऐकू येत नाही. ताईला येत नाही.

मी म्हणालो, तुमच्यासाठीच केलं. तुमच्या —

थांबला. चौघांचाही एकदम थांबला. जसं श्वास धरून कुणी ऐकत असावं.

मग पुन्हा सुरू.

१ एप्रिल, मंगळवार

कारखान्याला नवा चेहरा हवा आहे. मी. सैन्यातला माणूस, विश्वासाचा. उद्या खरी परिषद. नाही म्हणणार होतो. मग वाटलं, मीच सांगेन. सगळं. चाचणी, तारीख, पट्टे.

मॅडमना तसं म्हणालो. त्या दमलेल्या होत्या. म्हणाल्या, पुरावा काय? मालक गेले. चित्रण तुम्हीच पुसायला लावलंत. कवी आणि कॅमेरावाली म्हणतात, काही ऐकलं नाही, आणि मीही तेच म्हणेन. तुम्ही बोललात तर लोक म्हणतील, चिडलेला फौजी आहे, मेलेल्यावर तोंडसुख घेतोय.

बरोबर आहे. त्यांचं नेहमीच बरोबर —

आवाज बसला आहे. पायऱ्या चढवत नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

दुपार. मॅडमनी चौथऱ्यावर बसायला पाठवलं. जागेची सवय करा, म्हणाल्या. बाकीचे जेवायला गेलेत. बाहेर कवीचं हसणं ऐकू येतं. दार उघडं आहे.

उठता येत नाही.

ते आलेत. आता रांगेत मागे नाहीत. पहिल्या रांगेत. मास्क काढलेत. मास्तर, थोरला, धाकटा. पैलवाननं हात वर केला आहे, पत्रकारासारखा. किती नम्रपणे.

त्यानं विचारलं. तो बोलायला तयार होता, मग तुम्ही त्याला बोलू का दिलं नाही?

उत्तर द्यायला श्वास नाही. म्हणून लिहितो. दिसतंय का तुम्हाला? मोठं लिहितो.

तुम्हाला न्याय मिळावा म्हणून —

मास्तर मान हलवतो. चूक.

लोकांनी त्याला माफ केलं असतं, म्हणून. तुमचा अपमान —

नाही. थांबा. खोडतो. वेळ द्या जरा.

पैलवान, तुझ्या आईला मी —

खरं हे की तुम्ही माझ्या मनातसुद्धा नव्हता. त्या वेळी तिथे फक्त तो होता. त्याचा श्वास अडकायचा आणि मला इतकं बरं —