बहिष्कारवाल्या पोरींचं पन्हं

वेदूच्या आजोबांना नाशिकहून चंद्रभागाचा वाकून नमस्कार.

काल घरी सगळ्यात आधी आली ती वेदूची मैत्रीण कशिश, मग आणखी चार पोरी. सूनबाई कामावर गेलेली. पाव्हण्या आल्या म्हणून मी खालच्या दुकानातून कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणली आन् ग्लास भरून पुढं ठेवले.

कुणी हात लावंना. वेदूनं तर डोकंच धरलं. अहो, त्याच कोल्ड्रिंकवर बहिष्कार घालायला जमल्या होत्या त्या! बाटल्या बनवताना लय धूर निघतो, त्यानं ऊन वाढतं, म्हणून कॉलेजात कुणी विकत घ्यायचं नाय, असं ठरवत होत्या. मला वाटलं, नातीला चारचौघीत खाली बघायला लावलं मी.

पण कशिश हसली. "आजी, मग उन्हात प्यायचं काय, ते आता तुम्हीच सांगा."

मी कैऱ्या उकडल्या, गूळ-वेलची घातली. पोरी दोन-दोन ग्लास पन्हं प्याल्या. आता कॉलेजात तेच ठेवणार, आन् शिकवणार कोण, तर मी! इथं आल्यापासून नुसती बसून होते. पोरींचे लय उपकार झाले.

ती बाटली तुमच्या लेकानं गुपचूप संपवली.

विहिरीला पाणी हाय ना? दुपारचं शेतात जाऊ नका, मागं तुम्हाला चक्कर आलेली मी विसरले नाय. बांधावरच्या कैऱ्या सकाळीच उतरवा आन् चांदवडहून एसटीनं धाडा.

जिवाला जपा.
तुमची चंद्रभागा

ता.क. पोरी पुढल्या रविवारी येतो म्हणून गेल्यात, कैऱ्या शनिवारपर्यंत पोचू द्या.