गच्चीवरची एकी

ती. इंद्रजितदादांस,

सुलाचा वाकून नमस्कार. तिकडच्या बर्फात तुमची तब्येत ठणठणीत असेल. इकडे माणसं खुशाल आहेत, फक्त सोलर, टाकी आणि डिश यांचं बरं नाही. (फोनवरच सांगितलं असतं, पण यांना फोन स्पीकरवर लावल्याशिवाय चैन पडत नाही.)

सुट्टीत येऊन तुम्ही वाऱ्यात काही उडू नये म्हणून आमच्या गच्चीचा बंदोबस्त केलात, त्याबद्दल आधी आभार. सोलर टाकीला बांधला, टाकी डिशला, आणि बायंडिंग वायरला असे फौजी पीळ दिलेत की बघायला सगळी आळी आली. स्लॅबला मात्र काहीच बांधलं नाही, कारण तुमचे दाजी आडवे आले, "आवं, स्लॅबला भोक पाडायच्या आधी माझ्या टाळक्याला पाडा!" तुम्ही एवढे सुभेदार, पण दाजींपुढे लगेच सावधान झालात.

गेल्या आठवड्यातल्या वळवात वारा आधी डिशमध्ये शिरला. ती मोकळी असती तर एकटीच गेली असती. पण तुमच्या पिळांनी कुणाला मागं राहू दिलं नाही. टाकी रिकामीच होती (नळाला पाणी येतं तेव्हा लाईट नसते), ती निघाली, मागोमाग सोलर, आणि तिघंही अंगणात उतरली. अशी एकी पाटणात मी निवडणुकीतही पाहिली नाही. वर टिकलं ते सासूबाईंच्या कुरडयांचं लुगडं. त्याच्या कोपऱ्यांवर विटा होत्या.

जिथं सोलर फुटला, तिथून आमची लेक अपेक्षा वाळलेले कपडे काढून नुकतीच आत आली होती. दादा, तेव्हापासून झाडाचं पान हललं तरी मी तिला अंगणातून आत ओढते. यांनी मात्र नवा सोलर वर चढवला, शेजारी तीच टाकी, तीच डिश, आणि या खेपेला वायर दुप्पट आणली आहे. पुढचा वळीव यायच्या आत तुम्हीच त्यांना समजवा. तुमचं ते ऐकतात (म्हणजे ऐकून घेतात).

तुमची,
सुला

ता.क. समजावू नका. पत्र टाकायचं राहिलं होतं, आणि काल हे वाईला लग्नाला गेले, तेवढ्यात मी मिस्त्री बोलावून स्लॅबला भोकं पाडली, सगळं बोल्टनं आवळलं आणि भोकं सिमेंटच्या मसाल्यानं बुजवून घेतली.

आणखी ता.क. यांना ते दिसलं की मी सांगणार, दादांचाच हुकूम होता. मग तुम्हाला फोन येईल. "व्हय, मीच सांगितलं" एवढंच म्हणायचं आणि पुढचं निमूट ऐकायचं. मला इथंच राहायचं आहे. तुमचं बरं आहे, तुम्ही सीमेवर आहात.