सकाय म्हणजे सकाळ

सोमवार, ३ नोव्हेंबर
दिवाळीला गावी गेलेले लोक अजून पुरते परतले नाहीत, सुरतेतल्या उधन्यात निम्मे लूम बंद, आणि तेवढ्यात डॉक्टर निमेषभाईंनी आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात क्रांती करून टाकली. वही बंद. आजपासून अपॉइंटमेंट टॅबवर. नाव टाकायचं, फोन नंबर टाकायचा, 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ' दाबायचं. पुढची रिकामी वेळ टॅब स्वतःच शोधतो आणि पेशंटला इंग्रजीत मेसेज पाठवतो.

डॉक्टर म्हणाले, "उज्ज्वलाबेन, महिनाभर जोईए, बघूया. जमलं तर काउंटर तुमचंच. नहीं तो रुपाली बसेल, तुम्ही आत फाइली लावा."

फाइलींच्या खोलीला खिडकी नाही. पण हे त्यांनी मला हुरूप यावा म्हणून म्हटलं. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन, अमरावतीहून, आणि तेही नापास करण्याची पद्धत होती त्या काळात.

संकल्प: वेळ म्हणजे वेळ. दिलेल्या वेळेशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. ओळखीच्यांना तर अजिबात नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
टॅब जमला. सोपा आहे. रुपाली उगाच शेजारी उभी राहते. तिचं काम डोळ्यांत थेंब घालण्याचं, तिने ते करावं.

आज फोन खूप आले. निम्मे पेशंट खानदेशी. कधी येणार म्हणून विचारलं की सगळे एकच म्हणतात, "सकाय." या लोकांना ळ म्हणता येत नाही. शाळेला शाया, काळ्याला काया, म्हणून सकाळला सकाय. दुसऱ्या कोणी रिसेप्शनिस्टने गोंधळ घातला असता. मी शांतपणे 'सकाळ' दाबते.

रुपालीला विचारण्यात अर्थ नव्हता. आईवडील शहाद्याचे, पण ही कतारगामात जन्मली, घरीसुद्धा गुजरातीत भांडते.

सुंदराबाई म्हणून एकीचा फोन होता. नवरा चिंधा, लूमवर आहे, दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू. कधी आणता? सकाय. टॅबने गुरुवारची सकाळ दिली. मी म्हटलं, मेसेज येईल तो नीट वाचा. ती म्हणाली, "बरं बरं, माय."

बुधवार, ५ नोव्हेंबर
शिस्त नावाची गोष्ट नाही. सकाळी दार उघडलं तर बाहेर लग्नाला जमावी तशी माणसं. टॅबवर आज जेमतेम चार नावं. बाकी सगळे उद्याचे, परवाचे. सुंदराबाई नवऱ्याचा हात धरून सगळ्यांत पुढे. मी सांगितलं, तुमचं उद्या आहे. ती म्हणाली, कालच तर फोन केला होता. मी म्हटलं, म्हणूनच उद्या. चिंधाने लूमवरची पाळी पाडली होती म्हणे. पाडायची नव्हती.

रुपाली म्हणाली, "बेसवा दो ने, आंटी. आलेत तर आलेत."

मी तिला नियम समजावून सांगितला. आंटी म्हणायचं नाही हेही सांगितलं.

सगळ्यांना परत पाठवलं. कडक राहिलं की लोकांना वळण लागतं. उद्या बघा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
टॅबवर सकाळ भरगच्च. दवाखान्यात कोणी नाही. डॉक्टर तीन वेळा केबिनच्या दारात येऊन रिकाम्या खुर्च्या बघून गेले. मग चहा मागवला. मग स्वतःच्याच चष्म्याचा नंबर तपासत बसले.

सुंदराबाईचा फोन. आज जमत नाही, शेठने पाळी सोडायला नकार दिला. "सकाय येसू." मी पुन्हा 'सकाळ' दाबलं. सोमवारची मिळाली. हा माझा मोठेपणा. दुसरीने फोन आपटला असता.

डॉक्टरांनी विचारलं, पेशंट का आले नाहीत? मी म्हटलं, थंडी.
सुरतेत थंडी अजून आलेली नाही. पण विचार करायला वेळ मिळाला नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
जे झालं ते शांतपणे लिहिते.

सुंदराबाई आली. नवऱ्याला घेऊन. मी म्हटलं, बाई, तुमचं सोमवारी आहे. तिने पिशवी काउंटरवर आपटली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी काल सांगं व्हतं ना, सकाय येसू! मंग आज उनी ना!"

मी म्हटलं, सकाळी म्हणालात, पण कोणत्या सकाळी?

ती म्हणाली, "कोनती म्हंजे? सकाय! कालनी सकाय आज शे!"

मी म्हटलं, अहो, कालची सकाळ ही काल असते.

तेव्हा मागच्या बाकावरचा एक म्हातारा हसत हसत म्हणाला, "ताई, आमना कडे सकाय म्हंजे उद्या." आणि अख्खा बाक हसला. चिंधासुद्धा, आणि त्याला तर मी दिसतही नव्हते.

सुंदराबाईने हसता हसता विचारलं, "तुले मराठी येत नही का वं?"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. चिंधाला स्वतः हाताला धरून आत घेऊन गेले. मला विचारलं, "आ शुं छे, उज्ज्वलाबेन? रोज असं केम थाय?"

मराठी चुकलं असं मी कसं सांगणार? हॉलमध्ये सगळे होते. म्हटलं, कॅलेंडरचे चौकोन फार बारीक आहेत, बोट शेजारच्या दिवसावर पडतं. त्यांनी वाकून माझ्या डोळ्यांकडे बघितलं. "अच्छा," म्हणाले. पटलं त्यांना.

शनिवार, ८ नोव्हेंबर
विचार केला. ळचा य होतो हे माझं म्हणणं बरोबरच होतं. अर्थ त्यांनी बदलला, त्याला मी काय करू. यांना जेवताना हे सगळं सांगितलं. हे म्हणाले, "हं." हे चलथाणच्या साखर कारखान्यातून रिटायर झाल्यापासून एवढंच म्हणतात.

नवा संकल्प: सकाय म्हणजे उद्या. कोणीही म्हणो, कसंही म्हणो. एकच नियम, सगळ्यांना सारखा. काउंटर कुठेही जात नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
नियम छान चालला. सकाय म्हटलं की उद्या. सगळे वेळेवर नोंदले गेले.

दुपारी भगवान नावाच्या माणसाचा फोन. बांधकामावर गवंडी, डोळ्यात सिमेंट गेलं होतं, आता बरं आहे पण तपासायचंय. म्हणाला, "शनिवारी सकाळी येतो, ताई." मी हिशेब मांडला. शनिवारची सकाय. म्हणजे शनिवारची उद्या. म्हणजे रविवार.

टॅब म्हणाला, रविवारी सुट्टी. यंत्राला भाषा काय कळते. मी सेटिंगमध्ये जाऊन रविवार उघडला आणि नोंद केली. मेसेज इंग्रजीत जातो म्हणून खाली मराठीतही लिहिलं, आणि अडचण आल्यास डॉक्टरांचा नंबर दिला. हे काम इतकं बारकाईने कोणी करत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
डॉक्टर आज दोनदा म्हणाले, "सरस." एकदा मला, एकदा फोनवर कोणाला तरी. रुपालीला मी आज थेंबांच्या बाटल्या नीट लावून ठेवायला सांगितल्या. काउंटरजवळ फिरायचं कारण नको.

शनिवार, १५ नोव्हेंबर
भगवान आला. आजच! मी म्हटलं, तुमचं उद्या आहे. तो म्हणाला, "शनिवारी सकाळी म्हणालो होतो की." मी म्हटलं, हो, म्हणूनच. तो डोळा चोळू लागला. मी विचारलं, तुम्ही खानदेशचे ना? तो म्हणाला, "नाही, जालन्याचा."

जालन्याचा!

पण कॅलेंडरवर रविवार होता. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत नियम मोडला असता तर सगळ्या आठवड्याचं काय राहिलं असतं? परत पाठवला. उद्या डॉक्टर नसतील हे त्याला सांगायचं मनात आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

रविवार, १६ नोव्हेंबर
डॉक्टर कुटुंबासह नवसारीला साखरपुड्याला गेले होते. भगवानने बंद शटरसमोरून डॉक्टरांना फोन केला. उचलला नाही म्हणून परत केला. नंतर शटरचा फोटो पाठवला. हे मला रात्री रुपालीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, फोटो डॉक्टरांनी तिला पुढे पाठवला होता. तिने सांगताना तोंडावर ओढणी धरली होती. हसत नव्हती असं म्हणाली.

सोमवार, १७ नोव्हेंबर
टॅबवर माझ्याच नावाची अपॉइंटमेंट! उद्या, डॉक्टरांबरोबर. डॉक्टरांनी स्वतः टाकली आहे. रुपालीच्या नावाची नाही.

हा बहुधा बढतीचा विषय. वेसूला दुसरा दवाखाना काढायचं चाललंय असं ऐकते. तिकडे कोणीतरी अनुभवी लागेलच. कालच्या प्रकाराबद्दल विचारलं तर खरं सांगायचं, की ही भाषेची गफलत होती आणि आता ती माझ्या पूर्ण लक्षात आली आहे. सगळं पाठ करून ठेवलं. मोरपंखी साडी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
अक्षर मोठं काढते आहे.

आत गेले. डॉक्टरांनी बसा म्हटलं ते टेबलासमोरच्या खुर्चीत नव्हे, तपासायच्या खुर्चीत. आवाज एकदम मऊ. म्हणाले, "तुम्हीच कीधुं हतुं ने, बोट शेजारी पडतं? माझंच चुकलं. दुसऱ्यांचे डोळे बघतो, तुमचे बघितलेच नाहीत. तुमचा काही वांक नथी."

वांक म्हणजे दोष. माझा दोष नाही!

मग त्यांनी भिंतीवरचा तक्ता लावला. वाचा म्हणाले. मला खालची ओळसुद्धा स्पष्ट दिसत होती. ती वाचली असती तर डोळे ठीक आहेत हे ठरलं असतं, आणि मग दोष द्यायला सकाय राहिली असती, शनिवारची सकाळ राहिली असती, आणि माझं मराठी राहिलं असतं. अमरावतीचं.

मी तिसऱ्या ओळीपासून चुकीची अक्षरं वाचली. सोपं नव्हतं. हला म, रला स.

डॉक्टर खूप वेळ यंत्रातून बघत राहिले. या वयात थोडा मोतिया सगळ्यांनाच असतो, पण तुम्हाला त्रास जास्त आहे, म्हणाले. आता स्क्रीन बिलकुल बंद. आधी आराम करा, मग बघू. फाइलीसुद्धा नकोत. काउंटर रुपाली सांभाळेल. मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? मला दिसतं, असं? त्यांनी रुपालीला हाक मारली.

तिने थेंब घातले. चांगले हलक्या हाताने घातले, हे कबूल करायला हवं. मग हात धरून हॉलमध्ये आणून बसवलं आणि म्हणाली, "आंटी, डोळे मिटून घ्या. बोलवते." काउंटरवर फोन वाजला. तिने माझ्या खुर्चीत बसून उचलला.

थोड्या वेळाने डोळे उघडले तर सगळं धुकं. शेजारी कोणी बाई होती, डोळ्यांना पदर लावलेली. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "बहीन, तुना नंबर कव्हय शे?"

मी म्हटलं, कधी ते मला माहीत नाही.